परदेशातील एक वर्ष आणि मुलांचे शिक्षण

नोकरी, संशोधन किंवा उच्च शिक्षण यांच्या निमित्ताने सहकुटुंब वर्षभर परदेशी राहून परत येणे ही आता महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबांच्या परिचयाची गोष्ट झाली आहे. पुणे आणि मुंबई येथील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांमध्ये या मुक्कामाला ‘ऑनसाइट’ असे म्हणतात. विद्यापीठांत तोच मुक्काम अभ्यागत प्राध्यापकाच्या किंवा संशोधन शिष्यवृत्तीच्या रूपाने येतो. जाणाऱ्या व्यक्तीचे काम, वेतन आणि व्हिसा यांची सगळी व्यवस्था संस्था करून देते, परंतु सोबत जाणाऱ्या सात किंवा दहा वर्षांच्या मुलाच्या शाळेचे काय होणार, याचे उत्तर आईवडिलांनाच शोधावे लागते. कायमचे स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाला नव्या देशात मूळ धरण्यासाठी अनेक वर्षे मिळतात आणि दोन आठवड्यांच्या प्रवाशाला मूळ धरायचेच नसते. वर्षभराचा मुक्काम मात्र या दोहोंच्या मध्ये पडतो, आणि त्यामुळे त्याचे प्रश्नही वेगळे असतात.

मुलांच्या अशा जीवनाचा पहिला पद्धतशीर विचार ज्या अभ्यासातून सुरू झाला, त्याचा भारताशी थेट संबंध आहे. जॉन यूसीम आणि रूथ हिल यूसीम हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ दांपत्य १९५०च्या दशकात दोनदा, प्रत्येक वेळी सुमारे वर्षभरासाठी, आपल्या तीन मुलांसह भारतात राहिले आणि येथे काम करणाऱ्या अमेरिकी अधिकारी, मिशनरी, तंत्रज्ञ व व्यावसायिक यांच्या जीवनाचा त्यांनी अभ्यास केला. मायदेशाची संस्कृती पहिली, यजमान देशाची दुसरी आणि या दोहोंमध्ये वावरणाऱ्या लोकांनी आपापसांत घडवलेली जीवनपद्धती ही तिसरी, असे त्यांनी मांडले. आईवडिलांबरोबर अशा वातावरणात वाढणाऱ्या मुलांना त्यावरूनच ‘थर्ड कल्चर किड्स’, म्हणजे तिसऱ्या संस्कृतीची मुले, हे नाव पडले. वाढीच्या वयातील बरीच वर्षे परदेशी काढणाऱ्या मुलांना ही संज्ञा पूर्णपणे लागू होते, वर्षभराने परतणाऱ्या मुलाला ती अंशतःच लागू होते. तरीही दोन जगांमध्ये सतत तुलना करीत राहण्याचा जो ताण या अभ्यासाने दाखवला, तो लहान मुक्कामातही जाणवतो.

कायदा काय सांगतो

मुलाला स्थानिक शाळेत घालावे, की भारतातील पुस्तके सोबत नेऊन घरीच शिकवावे, हा पालकांपुढील पहिला प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी त्या देशाचा कायदा ठरवतो. जर्मनीत शाळेत प्रत्यक्ष उपस्थित राहणे सक्तीचे आहे. घरी शिकवणे हा तेथे शाळेचा मान्य पर्याय नाही, आणि धार्मिक कारणावरून या सक्तीला आव्हान देणाऱ्या एका जर्मन कुटुंबाची तक्रार युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००६ साली फेटाळली. तात्पुरत्या कामासाठी आलेल्या परदेशी कुटुंबालाही तेथे वास्तव्य नोंदवल्यावर हा नियम पाळावा लागतो, त्यामुळे भारतातील शाळेचे ऑनलाइन वर्ग चालू ठेवून जर्मन शाळा टाळता येत नाही. इंग्लंडमध्ये १९९६च्या शिक्षण कायद्याने मुलाला शिक्षण देण्याची जबाबदारी पालकांवर टाकली असून ते शाळेत किंवा अन्य मार्गाने देण्याची मोकळीक ठेवली आहे. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर आहे, मात्र नोंदणी, विषय आणि चाचण्या यांचे नियम राज्यागणिक बदलतात. जपानमध्ये नऊ वर्षांच्या सक्तीच्या शिक्षणाचे बंधन परदेशी पालकांवर नाही, तरी त्यांनी अर्ज केल्यास नगरपालिकेच्या शाळेत मुलाला विनाशुल्क प्रवेश मिळतो आणि पाठ्यपुस्तकेही मोफत मिळतात.

जेथे निवड शक्य आहे तेथेही वर्षभरासाठी स्थानिक सरकारी शाळा हाच बहुतेक मुलांसाठी चांगला मार्ग ठरतो. घरी शिकणाऱ्या मुलाचा अभ्यास कदाचित बुडत नाही, परंतु अनोळखी गावात त्याला बरोबरीची मुले भेटण्याचे दुसरे ठिकाण नसते, आणि अशा मुलाचे सगळे जग दोन खोल्या व एक पडदा एवढ्यात आक्रसते. खासगी आंतरराष्ट्रीय शाळांचे शुल्क फार मोठे असते आणि कंपनी ते देत नसेल तर एका वर्षासाठी तो खर्च सहसा समर्थनीय ठरत नाही.

प्रवेशाची तयारी निघण्याच्या किमान तीन महिने आधी सुरू करावी लागते. अमेरिका, इंग्लंड आणि जर्मनी या देशांत सरकारी प्राथमिक शाळा बहुतांशी घराच्या पत्त्याशी जोडलेली असते, म्हणून घर निवडतानाच शाळा निवडली जाते हे ध्यानात ठेवावे लागते. मुलाचा वर्ग बहुतेक ठिकाणी आधीच्या गुणांवरून न ठरता जन्मतारखेवरून ठरतो. इंग्लंडमध्ये १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या काळात जन्मलेली मुले एका वर्गात बसतात. शैक्षणिक वर्षही जुळत नाही, कारण महाराष्ट्रातील शाळा जूनमध्ये, युरोप व अमेरिकेतील शाळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि जपानमधील शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात. शाळा सोडल्याचा दाखला, मागील दोन वर्षांची प्रगतिपुस्तके, जन्मदाखला आणि लसीकरणाची पूर्ण नोंद ही कागदपत्रे मूळ प्रतींसह, आणि आवश्यक तेथे अधिकृत भाषांतरासह, हाताशी असावीत.

यांपैकी लसीकरणाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गोवर व रुबेला यांची लस दिली जाते, परंतु गालगुंड आणि कांजिण्या यांच्या लसी त्यात नाहीत. अमेरिकेतील शाळा मात्र त्या मागतात. जर्मनीत १ मार्च २०२०पासून शाळेत जाणाऱ्या मुलाला गोवराच्या लसीचा पुरावा द्यावा लागतो. भारतात जन्मानंतर दिल्या जाणाऱ्या बीसीजी लसीमुळे क्षयाची त्वचाचाचणी कधी कधी चुकीने सकारात्मक येते, तेव्हा शाळेने ती मागितल्यास रक्तचाचणीचा पर्याय विचारणे हिताचे असते.

भाषेचे दोन थर

शाळेत प्रवेश मिळाला की खरी कसोटी भाषेची असते. नवी भाषा कानावर पडू लागल्यावर अनेक मुले आठवडेच्या आठवडे, कधी काही महिने, वर्गात जवळजवळ बोलतच नाहीत. भाषाशिक्षणाचे अभ्यासक याला मौनकाळ म्हणतात. या काळात मूल ऐकत असते, शब्दांचे अर्थ प्रसंगांवरून लावत असते आणि आवाज ओळखत असते, त्यामुळे ‘अजून बोलत कसा नाही’ या प्रश्नाचा रोजचा भडिमार त्याला मदत करीत नाही.

बोलणे सुरू झाल्यावर मात्र पालकांचा उलट दिशेने गैरसमज होतो. कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९मध्ये भाषाकौशल्याचे दोन थर वेगळे करून दाखवले. पहिला थर रोजच्या संवादाचा असतो: मैदानावर खेळणे, डब्यातला पदार्थ वाटून घेणे, भांडणे आणि समेट करणे यांसाठी लागणारी ही भाषा समोरच्या प्रसंगाच्या आधाराने समजते आणि साधारण दोन वर्षांत अवगत होते. दुसरा थर अभ्यासाचा असतो: पाठ्यपुस्तकातील उतारा समजणे, कारणे लिहिणे, गणितातील शाब्दिक उदाहरण सोडवणे यांसाठी लागणाऱ्या या भाषेत समवयस्कांच्या बरोबरीला येण्यास पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांना टोरांटोतील स्थलांतरित विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून दिसले. म्युनिक किंवा ओसाका येथे वर्षभर राहणाऱ्या मुलाकडे यातील फक्त पहिल्या थराचा निम्मा काळ असतो. ते जर्मन किंवा जपानी बोलायला शिकेल, कदाचित आईवडिलांपेक्षा बरे बोलेल, परंतु त्या भाषेतून इतिहास व विज्ञान शिकण्याइतकी तयारी त्या मुदतीत होणार नाही, आणि परतल्यावर वापर थांबला की जे आले तेही झपाट्याने पुसट होईल. लहान मुलांच्या बाबतीत ही विस्मृती विशेष वेगाने होते.

यावरून निघणारा निष्कर्ष अनेक पालकांना उलटा वाटतो, तरी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे: परदेशातील त्या वर्षात मुलाची विचार करण्याची भाषा मराठीच राहणार असल्याने घरातील मराठी अधिक समृद्ध करणे हीच त्याच्या शिक्षणाला केलेली सर्वांत मोठी मदत असते. कमिन्स यांनी असेही मांडले की दोन भाषांच्या पोटात आकलनाची क्षमता एकच असते. जे मूल मराठीत एखादी गोष्ट क्रमवार सांगू शकते, कारण आणि परिणाम वेगळे करू शकते, त्याला तीच कामे दुसऱ्या भाषेत करण्यासाठी फक्त नवे शब्द हवे असतात. शाळेला मदत व्हावी म्हणून घरातही मोडके इंग्रजी किंवा जर्मन बोलू लागणाऱ्या आईवडिलांकडून मुलाला ना ती भाषा शुद्ध मिळते, ना स्वतःच्या भाषेतील सखोल बोलणे मिळते. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मराठी मुलांच्या बाबतीतही हे खरे आहे, कारण त्यांच्याही घरातील प्रश्न, शंका आणि रुसवेफुगवे मराठीतच व्यक्त होत असतात.

शाळाही याबाबतीत आपला वाटा उचलतात. चिनी भाषक विद्यार्थ्यांच्या वतीने सॅन फ्रान्सिस्को येथे झालेल्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली, ज्या मुलांना इंग्रजी येत नाही त्यांना इतरांसारखेच पुस्तक व शिक्षक देणे म्हणजे समान वागणूक नव्हे, असा निर्णय दिला, आणि तेव्हापासून तेथील सरकारी शाळांवर भाषासाहाय्याची जबाबदारी आहे. जर्मनीतील बव्हेरिया राज्यात नव्याने आलेल्या मुलांसाठी ‘डॉइचक्लासे’ नावाचे जर्मन भाषेवर भर देणारे वर्ग चालतात. मुलाला अशा वर्गात पाठवणे पालकांना कधी कमीपणाचे वाटते, परंतु तो त्या मुलाचा हक्क आहे आणि त्याचा लाभ पहिल्या दिवसापासून घ्यावा.

घरी काय शिकवावे

स्थानिक शाळेतून आल्यावर भारतातील सर्व विषयांची पुस्तके रोज उघडायची, असा बेत अनेक घरांत होतो आणि तो दिवाळीपर्यंत मोडतो, कारण परक्या भाषेत पाच-सहा तास लक्ष देऊन आलेले मूल थकलेले असते. घरच्या अभ्यासाला रोज अर्धा-पाऊण तास पुरतो, पण तो दोनच गोष्टींना द्यावा: देवनागरीतील वाचन-लेखन आणि गणित. इतिहास, भूगोल आणि विज्ञान यांतील वर्षभराची तूट परतल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत भरून निघते. पहिली ते तिसरीच्या वयात सुटलेली लिपी मात्र तशी भरून निघत नाही. महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या आणि सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली असल्याने परतणाऱ्या मुलाला ती परीक्षेतही भेटणार असते.

साधनांची अडचण आता उरलेली नाही. १९६७मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, आणि तिच्यातर्फे १९७१पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही तेथे वाचता येतात. उत्तर अमेरिकेत १९८१मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढाकाराने अनेक शहरांत आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी मराठी शाळा भरतात, आणि त्या शिकवतात ते स्वयंसेवक पालकच असतात. वर्षभरासाठी आलेल्या मुलाला तेथे भाषेबरोबर आपल्यासारखी मुलेही भेटतात. रोजनिशी हा लेखनाचा उत्तम सराव आहे, कारण त्या वर्षात लिहिण्यासारखे रोज काही तरी घडतच असते. आजीआजोबांशी होणारा साप्ताहिक व्हिडिओ कॉलसुद्धा शिक्षणाचा भाग करता येतो. जर्मनीत हिवाळ्यात दुपारचे अडीच वाजतात तेव्हा महाराष्ट्रात संध्याकाळचे सात वाजलेले असतात, त्यामुळे शाळा सुटल्यावरचा हा वेळ दोन्हीकडे सोयीचा पडतो, आणि या संभाषणात ‘जेवलास का’ यापलीकडे जाऊन मुलाने आठवड्यात पाहिलेली एक गोष्ट सविस्तर सांगावी असा नेम ठेवला तर ते मराठी वक्तृत्वाचे पाठच होतात.

गणितात संकल्पना त्याच असल्या तरी लिहिण्याच्या रीती बदलतात आणि मूल तेथे अडखळते. भारतात एक लाख १,००,००० असा लिहितात, अमेरिकेत स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर पडतो आणि जर्मनीत हजारांसाठी टिंब व दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. भागाकाराची मांडणीही निराळी असते. या रीती शेजारी शेजारी लिहून दाखवल्या, तर चिन्ह हा केवळ संकेत आहे आणि संख्या त्याहून वेगळी आहे, हे गणितातील मूलभूत तत्त्व मुलाला आपसूक कळते.

याखेरीज त्या गावातच जे शिकता येते ते कोणत्याही पुस्तकात नसते. पुण्यात वर्षभर दिवसाची लांबी सुमारे अकरा ते सव्वातेरा तासांच्या दरम्यान बदलते, म्युनिकमध्ये ती डिसेंबरात सव्वाआठ तासांच्या आसपास उतरते आणि जूनमध्ये सोळा तासांवर जाते. दर रविवारी सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा वहीत नोंदवणाऱ्या मुलाला पृथ्वीचा आस कललेला असण्याचा अर्थ पाठ करावा लागत नाही. ध्रुवतारा पुण्यात क्षितिजापासून सुमारे साडेअठरा अंशांवर आणि म्युनिकमध्ये अठ्ठेचाळीस अंशांवर दिसतो, आणि यातून अक्षांशाची संकल्पना डोळ्यांना दिसते. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये स्थानिक रहिवाशांना सहसा विनाशुल्क सदस्यत्व देतात, लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला आणि नॅचरल हिस्ट्री म्युझियमला सर्वसाधारण प्रवेशशुल्क नाही. अशा ठिकाणी एकदाच जाऊन सर्व दालने धावत पाहण्यापेक्षा एकेक दालन पुन्हा पुन्हा पाहणे मुलांना मानवते, आणि वर्षभर राहणाऱ्या कुटुंबाला ते शक्य असते.

घरातील वातावरण

मुलाच्या शिक्षणाइतकाच त्याच्या संगोपनाचा प्रश्न गंभीर असतो, कारण महाराष्ट्रात ज्या कामांना आजी, शेजारी, पाळणाघर, रिक्षावाले काका आणि घरकामाच्या ताई यांचा हातभार लागतो, ती सगळी कामे तेथे दोन माणसांवर पडतात. बहुधा आई आपली नोकरी सोडून किंवा बिनपगारी रजा घेऊन गेलेली असते आणि अनेक प्रकारच्या डिपेंडंट व्हिसावर तिला तेथे काम करता येत नाही. त्यामुळे मुलाची एकमेव सोबतीण, शिक्षिका आणि दुभाषी होण्याची जबाबदारी तिच्यावर येते आणि तिचा स्वतःचा एकटेपणा कुणाच्या लक्षात येत नाही. ज्या घरी वडील संध्याकाळचा ठरावीक वेळ मुलाच्या अभ्यासाला देतात आणि आईला भाषेच्या वर्गाला, ग्रंथालयात किंवा मराठी मंडळात जाण्यास मोकळीक मिळते, त्या घरातील मूलही लवकर रुळते.

शिस्तीच्या कल्पनाही पालकांना तपासाव्या लागतात. स्वीडनने १९७९मध्ये, जर्मनीने २०००मध्ये आणि जपानने २०२०पासून घरातही मुलांना मारण्यास कायद्याने मनाई केली आहे, आणि लहान मुलाला घरी एकटे ठेवणे अनेक ठिकाणी दुर्लक्षाचा गुन्हा मानले जाऊ शकते. भारतातही शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा निषिद्ध केली आहे. परदेशातील वर्ष हे घरातूनही ती सवय कायमची घालवण्याची संधी आहे. जपानमधील प्राथमिक शाळांत मुले वर्ग स्वतः झाडतात आणि एकमेकांना जेवण वाढतात, अमेरिकेत लहान मुले वर्गापुढे उभी राहून आपल्या आवडीच्या वस्तूविषयी बोलतात. या पद्धती घरात रुजवल्या तर भाषा विसरल्यावरही त्या टिकतात.

परतीचा प्रवास

नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार यांनी १९५५मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन फुलब्राइट अभ्यासकांच्या पाहणीतून दाखवले, की पहिल्या सहा महिन्यांपर्यंत राहिलेले लोक आणि दीड वर्षाहून अधिक राहिलेले लोक चांगले रुळलेले होते, मधल्या मुदतीचे लोक मात्र सर्वाधिक अस्वस्थ होते. ही पाहणी प्रौढांची आहे, तरी वर्षभराच्या मुक्कामाचा कठीण भाग त्याच मधल्या काळात येतो हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९६३मध्ये जॉन व जीन गुलाहॉर्न यांनी हीच घसरण मायदेशी परतल्यावर पुन्हा एकदा होते असे मांडले. ज्या मुलाने नुकतेच मित्र जोडलेले असतात त्यालाच ते तोडून यावे लागते, आणि इथे आल्यावर साठ मुलांच्या वर्गात, बदललेल्या उच्चारांसह आणि मागे पडलेल्या हिंदीसह बसावे लागते.

या मुलांसाठी जपानने राष्ट्रीय पातळीवर व्यवस्था उभी केली आहे. परदेशात राहणाऱ्या जपानी मुलांसाठी पूर्णवेळ शाळा असून त्यांपैकी एक मुंबईतही आहे, जेथे अशी शाळा नाही त्या अनेक शहरांत शनिवारी पूरक शाळा भरते, आणि परतलेल्या मुलांना ‘किकोकुशिजो’ हे स्वतंत्र नाव देऊन अनेक शाळा व विद्यापीठे त्यांच्यासाठी प्रवेशाची वेगळी सोय ठेवतात. भारतात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परदेशी शाळा प्रामुख्याने आखाती देशांत आहेत. युरोप, अमेरिकेतून परतणाऱ्या मुलाची तयारी पालकांनाच करावी लागते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचा येथे आधार आहे: सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्ग मिळावा, गरज असल्यास विशेष प्रशिक्षण मिळावे, आणि वर्ष सुरू झाल्यावर अर्ज केला म्हणून प्रवेश नाकारू नये, अशी तरतूद त्यात आहे. जुन्या शाळेतील जागा राखून ठेवण्याबद्दल मुख्याध्यापकांशी निघण्यापूर्वीच लेखी बोलणे झाले तर ऐनवेळची धावपळ टळते. नववी-दहावीच्या मुलांचा अभ्यासक्रम मंडळाच्या नोंदणीशी आणि परीक्षेशी बांधलेला असल्याने त्या दोन वर्षांत असा मुक्काम शक्यतो टाळावा. आठ ते अकरा हे वय त्यासाठी सर्वांत अनुकूल, कारण लिपी पक्की झालेली असते आणि परीक्षांचा दबाव अजून आलेला नसतो.

निघताना निरोप नीट घेणे हीसुद्धा शिकवण्याची गोष्ट आहे. तिसऱ्या संस्कृतीच्या मुलांविषयी लिहिणारे डेव्हिड पोलॉक यांनी त्यासाठी चार पायऱ्या सांगितल्या: कुणाशी बिनसले असेल तर मिटवणे, ज्यांनी मदत केली त्यांचे आभार मानणे, माणसांचा, जागांचा आणि वस्तूंचा ठरवून निरोप घेणे, आणि पुढच्या ठिकाणाचा वास्तव विचार करणे. शेवटच्या आठवड्यातील बांधाबांधीत मुलाला बाजूला न ठेवता या पायऱ्यांवरून त्याला नेले, तर परतल्यावरचे रुसणे आणि तुलना पुष्कळ सौम्य होतात.

अशा वर्षाकडे गुणपत्रिकेतील खाडा म्हणून पाहणे अन्यायाचे आहे आणि मुलाला आयती परदेशी भाषा मिळवून देणारी योजना म्हणून पाहणे भ्रामक आहे. मुलाने कोणती भाषा किती शिकली यापेक्षा, अनोळखी माणसांत उभे राहण्याचे, न कळलेले विचारण्याचे आणि आपल्या माणसांची भाषा जपण्याचे बळ त्याला मिळाले का, यावर त्या वर्षाचे यश ठरते. जाणाऱ्या प्रत्येक पालकाने सामानात मराठी पुस्तकांसाठी जागा ठेवावी, स्थानिक शाळेवर विश्वास ठेवावा आणि मुलासाठी रोजचा एक तास निश्चित राखावा. शाळांनीही परतलेल्या मुलाला मागे पडलेला विद्यार्थी न समजता जग पाहून आलेला विद्यार्थी समजावे.